नागपूरच्या उन्हात वॉटरकूलिंग: पंप आणि टाकी निवडतानाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

कॉम्प्युटर आता पाण्याने थंड करायचा आहे: पंप पाणी फिरवतो, ते प्रोसेसर आणि कार्डावर बसवलेल्या तांब्याच्या ब्लॉकांतून उष्णता घेतं आणि रेडिएटरमध्ये हवेला देतं. या बंद चक्राला लूप म्हणतात. मशीन तेच राहणार: रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर आणि सेकंडहँड घेतलेलं आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्ड. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या रेंडरचं, म्हणजे हिशेब करून चित्रं बनवण्याचं, बहुतेक रात्रभर चालणारं. प्रोसेसर मूळ सेटिंगवर १४२ वॅटपर्यंत जातो, कार्ड ३५०. धरून चालू ५०० वॅट. खोली वरच्या मजल्यावरची, डोक्यावरचा स्लॅब दिवसभर उन्हात. मागच्या मे महिन्यात कार्डाचे पंखे अखंड किंचाळत होते आणि मागची प्लेट हात लावू देत नव्हती. ३०९०च्या मेमरीच्या २४ पैकी १२ चिप पाठीमागे बसवलेल्या आहेत, त्यामुळे पाठ तापते ते साहजिकच.

रेडिएटर ठरलेत, ३६० मिमीचे दोन. ठोकताळा असा आहे की मध्यम वेगाच्या पंख्यावर १२० मिमीचा एक भाग, पाणी हवेपेक्षा १० अंशांनी गरम असताना, साधारण १०० वॅट बाहेर टाकतो. सहा भागांचे ६०० वॅट. म्हणजे पाणी खोलीपेक्षा आठ-नऊ अंश वर स्थिरावायला हवं. ब्लॉकही ठरलेत. उरले पंप आणि टाकी. बाकी प्रत्येक गोष्टीवर लोक तासन्‌तास वाद घालतात, पंपावर मात्र 'डी५ घे आणि मोकळा हो' एवढंच ऐकायला मिळतं (डी५ हे एका पंपाचं नाव). शेवटी उत्तर तेच निघेलही, पण ते का, हे मला समजून घ्यायचंय.

२१ जानेवारी

पंपाच्या खोक्यांवरचे आकडे जमवले. डी५ वर तासाला १५०० लिटर आणि सुमारे ४ मीटर हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच ढकलू शकतो ते, थोडक्यात त्याचा दाब. डीडीसी या दुसऱ्या पंपाच्या १८ वॅटच्या प्रकारात लिटर कमी, हजाराच्या आसपास, पण हेड ५ मीटरच्या घरात. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही जसेच्या तसे निरुपयोगी आहेत. लिटरचा आकडा पंपासमोर काहीच अडथळा नसतानाचा, हेडचा आकडा तोंड पूर्ण बंद असतानाचा. आपला लूप या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो.

गल्लीतल्या मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांना कागद दाखवला. आयुष्य बोअरच्या मोटरी बांधण्यात गेलेलं. त्यांनी चष्मा वर केला.

"लिटर काय पाहून राहिला बे? हेड पाय आधी. पाणी किती वर चढून राहिलं तुझं?"

"अर्धा मीटर असेल, काका."

"अन् परत खाली येऊन राहिलं नं?"

"हो, गोलच फिरतं."

"मंग चढणं-उतरणं कटलं. घासणं तेवढं मोज."

दोन मिनिटांत मुद्दा संपला. विहिरीवरच्या पंपाला पाणी उचलायचं असतं. बंद लूपमध्ये एकदा नळ्या भरल्या की वर जाणाऱ्या पाण्याचं वजन खाली येणारं पाणी तोलून धरतं. कॅबिनेट टेबलावर ठेवा की जमिनीवर, रेडिएटर वर लावा की खाली, पंपाला त्याचं देणंघेणं नाही. त्याचं सगळं हेड खर्च होतं ते घर्षणात, आणि त्यातलं बरंचसं ब्लॉकांत. ब्लॉकच्या तांब्यातल्या खाचा एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात.

आणि घर्षण प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाने वाढतं. प्रवाह दुप्पट हवा तर दाब चौपट लागतो. म्हणून एकामागे एक दोन पंप लावले तरी प्रवाह दुप्पट होत नाही. दाब दुप्पट झाला तर प्रवाह फार तर १.४ पट, आणि पंपाचा स्वतःचा आलेख उतरता असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

२८ जानेवारी

पण प्रवाह लागतो तरी किती? हे गणित शाळेतलंच आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात. ५०० वॅट त्यात टाकत राहिलं, तर तासाला ६० लिटर प्रवाहावर पाणी ब्लॉकांतून बाहेर पडताना आत येतानापेक्षा ७ अंशांनी गरम असेल. १२० लिटरला हा फरक ३.६ अंश, २०० लिटरला २.१ आणि ४०० लिटरला १.१.

६० वरून २०० वर गेलं की पाच अंश वाचतात. २०० वरून ४०० वर जायला चौपट दाब लागतो आणि हाती येतो एक अंश. लूप बांधणारी मंडळी मिनिटाला एक गॅलन म्हणजे तासाला २२७ लिटर हा आकडा पूज्य मानतात, त्याचं मूळ या उतारात असावं. मी १५० ते २०० लिटरवर समाधानी राहणार. खाचांतला प्रवाह जोरात असला की तांब्याकडून पाण्याकडे उष्णता थोडी बरी जाते, हे खरं आहे. पण तिथेही काही काळाने हात थकतात आणि फळ मिळत नाही.

शिवाय पंप जी वीज खातो ती शेवटी उष्णताच होते. डी५ पूर्ण वेगाला २३ वॅटपर्यंत जातो. ५०० वॅट बाहेर काढायला आणखी वीस वॅट आत घालण्यात मला रस नाही.

४ फेब्रुवारी

डी५ आणि डीडीसी, दोघांचंही घराणं एकच: लाइंग. पुढे ती कंपनी आयटीटीकडे गेली आणि २०११ मध्ये आयटीटीचा पाण्याचा धंदा वेगळा होऊन झायलम झाली. बाजारात वीस लेबलं दिसतात, पण आतला पंप पुष्कळदा तोच असतो. स्विफ्टेकचा एमसीपी६५५ म्हणजे डी५ आणि एमसीपी३५५ म्हणजे डीडीसी. लेबलवाले त्याला वेगळं टोपण आणि वेगळं कव्हर घालतात.

आतली रचना पाहून मात्र मजा वाटली. साध्या मोटरीला दांडा असतो, दांड्याला सील असतं आणि गळती आली की तिथूनच येते. इथे दांडाच नाही. फिरणारा भाग वाटीसारखा असून एका छोट्या सिरॅमिक गोळीवर टेकून फिरतो. बाहेरची कॉइल पातळ भिंतीआडून त्याला चुंबकाने फिरवते. सील नाही, त्यामुळे सीलची गळतीही नाही. वंगण म्हणजे लूपमधलंच पाणी. त्यामुळे कोरडा फिरला की हा पंप झटक्यात झिजतो.

याच कुटुंबातला डी५ सोलर पॅनेलवर थेट चालवून घराच्या छतावरचं गरम पाणी फिरवायलाही वापरला जातो. म्हणजे जात मुळात गरम पाण्याचीच. मात्र कॉम्प्युटरसाठी विकल्या जाणाऱ्या आवृत्तीवर पाण्याची कमाल मर्यादा ६० अंश लिहिलेली असते, आणि मला तीच धरून चालायचं आहे.

११ फेब्रुवारी

निवड आज झाली, आणि ती लिटरवर झाली नाही.

लहान कॅबिनेट, अरुंद खाचांचे तीन-चार ब्लॉक आणि युरोपातली थंड खोली असती तर डीडीसी घेतला असता. जागा कमी खातो, अडथळा जास्त असला तरी रेटून पाणी ढकलतो. पण त्याचं इलेक्ट्रॉनिक्स तळाशी, पाण्यापासून लांब बसतं आणि ते कॅबिनेटमधल्या हवेनेच थंड व्हावं लागतं. म्हणून तर त्याच्यासाठी तळाला लावायचे ॲल्युमिनियमचे हीटसिंक वेगळे विकतात. माझ्या कॅबिनेटमधली हवा मे महिन्यात कशी असेल? खोली ४०, रेडिएटरमधून आत येणारी हवा त्याहून गरम, कार्डाची पाठ त्यात भर घालणार. अशा हवेत हीटसिंक कसला थंड होतोय.

डी५ आपली उष्णता मोठ्या प्रमाणात पाण्यातच सोडतो. म्हणजे त्याचं नशीब पाण्याच्या तापमानाशी बांधलेलं, आणि पाण्याचं तापमान माझ्या हातात आहे. वाईटात वाईट दिवस धरू: दुपार, कूलर बंद, खोली ४२. पाणी ५१. मर्यादेपर्यंत नऊ अंश शिल्लक. कूलर चालू असेल तर खोली ३३-३४ आणि पाणी ४२-४३. पुरे.

दिल्लीत किंवा चंद्रपुरात मशीन बांधणाऱ्याने हाच हिशेब आधी करावा असं माझं मत आहे. पंपाची चर्चा नेहमी आवाज आणि प्रवाह या दोनच गोष्टींभोवती फिरते, कारण ती चर्चा करणाऱ्यांच्या खोलीत २२ अंश असतात.

१८ फेब्रुवारी

मावसभाऊ येऊन गेला. त्याचा प्रश्न अगदी नागपुरी: "दादा, एवढे पैसे कशाला? कूलरचा पंप लाव ना, आणि कूलरच्या टाकीतलंच पाणी फिरव. ते तर थंडच असतं."

हसण्यावारी नेण्यासारखी कल्पना नाही. कोरड्या मे महिन्यात बाष्पीभवनामुळे कूलरच्या टाकीतलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा बरंच थंड असतं, आणि कुठलाही रेडिएटर पाण्याला हवेच्या खाली नेऊ शकत नाही. शिवाय सुरुवातीच्या काळात लोक फिशटँकचेच पंप वापरत. एहाइमचा १०४६ तासाला ३०० लिटरचा, १०४८ तासाला ६०० लिटरचा, दोन्ही भिंतीवरच्या विजेवर चालणारे, कॉम्प्युटरबरोबर सुरू व्हावेत म्हणून मध्ये रिले टाकावा लागे.

तरी नाही. कूलरची टाकी उघडी. त्यात धूळ, वाळ्याच्या ताट्यांचा भुगा, आठ दिवसांत शेवाळ. पाणी उडून जातं तसे क्षार मागे राहतात आणि पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. ताट्यांवर साचणारा तो पांढरा थर ब्लॉकच्या खाचांत साचला तर ब्लॉक भंगारात. कूलरच्या पंपाचं हेडही जेमतेम, त्याचं काम ताट्यांवर पाणी सोडण्यापुरतं. मधे प्लेट हीट एक्स्चेंजर घालून दोन पाणी वेगळी ठेवता येतील, पण मग दोन पंप आणि दोन टाक्या सांभाळा. भावाला हे पटलं नाही. त्याने स्वतःच्या मशीनवर करून पाहावं, मी बघायला जाईन.

२५ फेब्रुवारी

आता टाकी. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच: टाकी मोठी तर मशीन थंड.

माझ्या लूपमध्ये साधारण एक लिटर पाणी असेल. रेडिएटर बंदच आहेत असं धरलं तर ५०० वॅट त्याला दर ८ सेकंदांनी एक अंश चढवतील. टाकी २५० मिलिलिटरने मोठी घेतली तर ८ च्या जागी १० सेकंद. रेडिएटर चालू असताना पाणी शेवटच्या तापमानाच्या जवळ यायला पाचेक मिनिटं लागतात, मोठ्या टाकीने सहा लागतील. ते शेवटचं तापमान दोन्हीकडे तेच, कारण ते रेडिएटर आणि हवा ठरवतात. माझे रेंडर रात्रभर चालतात. एक मिनिट उशिरा तापून मी काय मिळवणार?

मग टाकी करते काय? पंपाच्या तोंडाशी कायम पाणी ठेवते, हवेला बाहेर पडायला शांत जागा देते आणि भरायला तोंड देते. शेतावरच्या पंपाने हवा धरली की प्रायमिंग करावं लागतं. हा पंपही स्वतःहून पाणी ओढून घेणारा नाही. टाकी पंपाच्या वर हवी, तीही मध्ये वळणं न घेता.

हवेसाठी टाकी फार लहानही नको. तासाला दोनशे लिटर पाणी १०० मिलिलिटरच्या टाकीत आलं तर दोन सेकंदांत बाहेर. बुडबुड्याला वर यायला वेळच मिळत नाही, उलट भोवरा तयार होऊन वरची हवा पंपात जाते. बाहेरून ६० मिमी आणि आतून ५० मिमी व्यासाच्या नळीत दर सेंटिमीटरला जवळजवळ २० मिलिलिटर बसतात. २० सेंटिमीटरची नळी घेतली तर चारशेच्या आसपास. पाणी सात सेकंद टाकीत राहील. हे चालेल.

३ मार्च

टाकीचा आकार आणि साहित्य. दिवसभर यातच गेला, आणि मनापासून गेला.

डिस्ट्रो प्लेट दिसायला देखणी, हे मान्य. कॅबिनेटच्या पूर्ण उंचीची ॲक्रिलिकची पाटी, आत कोरलेले रस्ते, नळ्या सरळ आणि आखूड. पण ती एका कॅबिनेटसाठीच बनते. कॅबिनेट बदललं की पाटी भिंतीवर टांगायची. फिटिंग जरा जास्त आवळली की ॲक्रिलिकला आट्यांपासून तडा जातो, आणि इथे आटे भरपूर. नको.

नळीच्या आकाराच्या टाकीत दोन पर्याय: काच आणि ॲक्रिलिक. बोरोसिलिकेट काच उष्णतेला आणि ओरखड्यांना डगमगत नाही, पण कुरियरवर माझा तेवढा विश्वास नाही. ॲक्रिलिक ६० अंशांना टिकतं. त्याला फक्त एका गोष्टीपासून जपायचं: आयसोप्रोपिल अल्कोहोल. कॉम्प्युटर साफ करणाऱ्यांच्या हाताशी ही बाटली कायम असते. ताण असलेल्या ॲक्रिलिकवर ते पडलं की केसासारख्या बारीक भेगा उमटतात. टाकी साफ करायची ती साबणाच्या पाण्याने.

पंपाचं टोपण ॲसिटल या प्लास्टिकचं काळं घ्यावं की ॲक्रिलिकचं पारदर्शक? ॲसिटल चिवट, आटे जास्त सहन करतं. पारदर्शक टोपणातून चाक फिरताना आणि बुडबुडे अडकलेले दिसतात. मी ॲसिटल घेतोय. बुडबुडे टाकीत दिसतीलच.

टाकी पंपावरच बसवलेला कॉम्बो घ्यायचं ठरलं. दोन फिटिंग आणि एक नळीचा तुकडा वाचतो आणि पंपाच्या तोंडाशी पाणी असण्याची चिंता जाते. कॉम्बोच्या विरोधातला मुद्दा एकच, उंच जागा लागते. ती माझ्याकडे आहे.

१० मार्च

डी५ मध्ये व्हेरिओ की पीडब्ल्यूएम?

पीडब्ल्यूएमवाला मदरबोर्डाच्या सिग्नलवर वेग बदलतो. सिग्नल नसेल तर काही आवृत्त्या पूर्ण वेगाने फिरतात, काही मधल्याच वेगावर अडकतात, आणि कुठली काय करेल हे लेबलवाल्यांच्या कागदावरही धड नसतं. व्हेरिओच्या पाठीवर एक चकती असते, १ ते ५. एकवर साधारण १८०० फेरे, पाचवर ४८००. स्क्रूड्रायव्हरने फिरवायची आणि विसरून जायचं. प्रोसेसर तापला म्हणून पंपाने धावायचं काही कारण नाही, पाण्याचं तापमान सावकाश बदलतं, आणि ते काम पंख्यांनी करावं. व्हेरिओ.

वीज कुठून घ्यायची याकडे नव्या माणसाने नीट लक्ष द्यावं. बोर्डावरच्या साध्या फॅन हेडरची (पंखा जोडायच्या पिनांची) मर्यादा सहसा १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट. डी५ त्याच्या जवळजवळ दुप्पट मागू शकतो. वीज पॉवर सप्लायमधून थेट, मोलेक्स या जोडणीनेच. बोर्डाकडे जाते ती फक्त फेरे मोजणारी तार. ती सीपीयू फॅनच्या हेडरला लावायची, म्हणजे फेरे शून्य झाले की बोर्ड बोंब मारेल. तेवढ्यावरही भागलं नाही तरी प्रोसेसर ९० अंशांना स्वतःच गती कमी करतो, म्हणजे पंप मेला तर रेंडर मरेल, मशीन मरणार नाही.

१७ मार्च

ऑर्डर दिली. पंप आणि टाकी मिळून पंधरा हजारांच्या आसपास. याच्या तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत 'डी५ टाइप' लिहिलेले पंप मिळतात. त्यांत बहुतेकदा आत सिरॅमिकचा दांडा असतो. ओळखायची सोपी खूण: टोपण उघडलं की खऱ्या डी५ चं चाक चिमटीत धरून उचलता येतं आणि खाली गोळी दिसते. वाईट असतातच असं नाही. पण रात्री झोपताना चालू ठेवायच्या वस्तूवर मी तिथे काटकसर करणार नाही.

नळ्या काळ्या ईपीडीएम रबराच्या, आतून १० आणि बाहेरून १६ मिमी. पारदर्शक पीव्हीसी कालांतराने आतलं प्लास्टिसायझर पाण्यात सोडते आणि ते चिकट होऊन खाचांत बसतं. पीईटीजीच्या कडक नळ्या ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. आपल्याकडे त्या वाटेला जाऊच नये.

३० मार्च

पार्सल आलं. टाकीच्या वरच्या झाकणाची ओ-रिंग खोक्यात नव्हती. दुकानदाराने आधी 'तुमच्याकडेच पडली असेल' असं सुचवून पाहिलं, मग चार दिवसांत पाठवतो म्हणाला. सीताबर्डीत नळाच्या सामानाच्या दुकानात माप दाखवून तशीच रिंग दहा रुपयांत मिळाली. पाठवलेली येईल तेव्हा येईल.

९ एप्रिल

पाडवा. जोडणी झाली. पंप कॅबिनेटच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, टाकी त्याच्यावर उभी, परतीची नळी पाण्याच्या पातळीखाली. वरून धबधब्यासारखं पाणी पडलं तर हवा पुन्हा त्यातच मिसळते. पंपाखाली चार बोटं जागा सोडली, चकतीपर्यंत स्क्रूड्रायव्हर जायला हवा. सगळ्यात खालच्या बिंदूला टी जोडून ड्रेनचा बॉल व्हॉल्व्ह. सगळे आटे जी१/४ या एकाच मापाचे, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग निमूट जुळले. ब्लॉक, रेडिएटर आणि फिटिंगांत तांबं, पितळ आणि निकेल सोडून कुठलाही धातू नाही. ॲल्युमिनियमचा एक रेडिएटर स्वस्तात मिळत होता, पण तांब्याच्या सोबतीला ॲल्युमिनियम ठेवलं की ते गंजून संपतं.

१९ एप्रिल

मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर जाऊन बोटाला शाई लावून आलो, मग दिवसभर हे.

आधी हवेने गळती तपासली. हातपंपाने ०.४ बार दाब भरला आणि काटा पाहत बसलो. हा दाब डी५ च्या कमाल हेडइतकाच, ४ मीटर पाणी म्हणजे ०.४ बार. काटा हलला नाही.

पाणी डिस्टिल्ड, त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक. ग्लायकॉलचं मिश्रण गोठण्यापासून वाचवतं म्हणून विकतात. नागपुरात पाणी गोठायची भीती मला नाही, आणि घट्ट पाणी फिरवायला पंपाला उगाच जोर लावायला नको.

पंपाला वीज देताना बोर्ड बंद ठेवला. २४ पिनांच्या जोडणीत हिरवी आणि काळी तार तारेच्या तुकड्याने जोडली की पॉवर सप्लाय एकटा सुरू होतो. टाकी भरायची, काही सेकंद चालू करायचं, पातळी उतरली की लगेच बंद, पुन्हा भरायचं. हे करताना नजर टाकीवरून हलवायची नाही. नंतर कॅबिनेट चारी बाजूंनी तिरपं करत रेडिएटरमधली हवा काढली. भोवरा टाकीच्या तळाच्या जाळीने जवळपास मोडतो, चकती चारच्या पुढे नेली की मात्र दिसू लागतो.

टाकी काठोकाठ भरली नाही. २५ अंशांचं पाणी ५० अंशांवर गेलं की जवळजवळ एक टक्का फुगतं. सव्वा लिटरला ११ मिलिलिटर, माझ्या नळीत अर्धा सेंटिमीटर. वर हवा नसेल तर तो दाब जोडण्यांवर येईल. अडीच सेंटिमीटर मोकळे ठेवले आणि पातळीवर टेपची रेघ मारली.

२१ एप्रिल

मोजमाप. फ्लो मीटरवर पाचच्या वेगाला २७० च्या आसपास, तीनला १८० च्या जवळ. पूर्ण लोडवर प्रोसेसर आणि कार्ड दोन्हीच्या तापमानात तीन आणि पाच यांत दीडेक अंशाचा फरक. चकती तीनवर.

काकांना आकडे सांगितले. "पाचवर काहून नाही ठेवत?" म्हणाले. "आवाज येतो," म्हटलं. बोअरच्या मोटरीजवळ आयुष्य काढलेल्या माणसाला हे कारण समजावणं मला जमलं नाही.

१२ मे

कूलर चालू, खोली ३४, पाणी ४३. हिशेब जुळला. कार्डाच्या मागच्या मेमरीपर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून पाठीवर एक पंखा वेगळा लावला.

कूलरच्या झोतासमोर मशीन ठेवायचं नाही हेही कळलं. झोतात बारीक तुषार असतात, आणि त्यांच्याबरोबर येणारे क्षार रेडिएटरच्या पट्ट्यांवर पांढुरके दिसू लागले होते. मशीन आता कूलरच्या बाजूच्या भिंतीला.

३१ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस. काल नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि शहरभर बोलायला तोच विषय. हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. खरं तापमान त्याहून बरंच कमी होतं, आणि तेही भाजून काढणारंच.

यावरून माझा सेन्सर तपासला. लूपमध्ये जी१/४ प्लगमध्ये बसवलेला १० किलोओहमचा थर्मिस्टर आहे, बोर्डाच्या दोन पिनांना जोडलेला. साध्या थर्मामीटरशेजारी पाण्यात बुडवून पाहिला होता तेव्हा तो एक-दीड अंश जास्त दाखवत होता. सुरक्षित बाजूला चूक आहे, राहू दे.

दुपारी कूलरची टाकी आटली तेव्हा मी घराबाहेर होतो. परत आलो तर खोली ४१, पाणी ५०, रेंडर चालूच. पंपाच्या आवाजात किंवा फेऱ्यांत काही फरक नाही. तरी ५५ ला रेंडर आपोआप थांबेल असा छोटा प्रोग्राम लिहून टाकला. ६० ची मर्यादा पंपाची आहे, ती प्रत्यक्ष गाठून बघण्याची हौस नाही.

१४ जुलै

कूलर गच्चीत गेला. दमट हवेत त्याचा उपयोग नाही. खोली ३१-३२, पाणी ४०-४१. मे महिन्यात कूलर लावून जे मिळत होतं, जवळपास तेच.

फरक आवाजात आहे. कूलरच्या घरघरीत डी५ ऐकूच येत नव्हता. आता फक्त छताचा पंखा, आणि रात्री टेबलाच्या लाकडातून येणारी बारीक गुणगुण. पंपाखाली मऊ रबराची गादी घातली आणि चकती दोनवर आणली. प्रवाह १३० च्या आसपास, तापमान जेमतेम एका अंशाने वर. पावसाळाभर दोन, मार्चपासून पुन्हा तीन.

पाण्याची पातळी रेघेच्या काही मिलिमीटर खाली. दिवाळीच्या साफसफाईत पाणी बदलायचं, तेव्हा प्रोसेसरचा ब्लॉक उघडून खाचा पाहायच्या आणि झाकणाची दहा रुपयांची रिंगही काढून बघायची. दुकानदाराची अजून आलेली नाही.